शाळेच्या चार भिंती

घंटा वाजावी, मुलांनी रांगा धराव्यात, प्रार्थना व्हावी आणि मग धड्याला आरंभ व्हावा, हा क्रम महाराष्ट्रात गावोगावी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे तो एकाएकी खंडित झाला. वर्गांना कुलपे लागली, बाकांवर धूळ साचली. शिक्षण मात्र अगदीच थांबले नाही. शिक्षकांचा आवाज मोबाईलमधून घरात येऊ लागला. तेव्हा पुष्कळांच्या मनात प्रश्न उभा राहिला : धडा जर घरबसल्या ऐकता येतो, तर शाळेच्या इमारतीचे प्रयोजन काय?

हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. ऑनलाइन शिक्षणाचे गुण उघड आहेत. न समजलेला भाग पुन्हा पुन्हा ऐकता येतो. तापाने अंथरुणास खिळलेल्या मुलाचा धडा बुडत नाही. हृदयाची हालचाल किंवा चंद्राच्या कला पडद्यावर डोळ्यांदेखत घडताना दिसतात. केंद्र शासनाने २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे दालन उघडले, तेव्हापासून पुस्तकातील क्यूआर कोड मोबाईलने टिपताच धड्याला पूरक असे साहित्य समोर येते. दुर्गम खेड्यातील मुलालाही हे भांडार खुले व्हावे, याहून चांगले ते काय?

परंतु त्याच काळाने दुसराही एक धडा शिकविला. ज्या घरात मोबाईल एकच आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्या घरातील तीन भावंडांनी शिकावे कसे? तो घरी असला, तर आधी कोणाच्या हाती जाणार? पुष्कळदा थोरल्या भावाच्या हाती पुस्तक व मोबाईल आले आणि बहिणीच्या वाट्याला भांडी व धुणे आले. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी यावर उपाय शोधला. त्यांनी घरांच्या बाहेरील भिंतींवर धडे रंगविले. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविण्यात आले. शाळेच्या भिंती मुलांपासून दुरावल्या, तेव्हा गावाच्या भिंतींनाच शाळा व्हावे लागले! मुलांना एकत्र जमण्यासाठी जागा हवीच असते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

इतिहासही हीच साक्ष देतो. १८४८ मध्ये महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. वाडा दुसऱ्याचा, जागा साधी. तरी त्या शाळेला केवढा विरोध झाला! मुलींनी उंबरठा ओलांडावा आणि चारचौघींत बसून शिकावे, हेच विरोधकांना खुपत होते. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसून जेवू लागली. समतेचा हा पाठ कोणत्या पडद्यावर शिकविता आला असता? तो ताटाला ताट लावूनच शिकावा लागतो.

याचा अर्थ शाळेने जुन्याच वाटेने चालावे, असा नव्हे. शिक्षकांनी सांगावे आणि मुलांनी मान खाली घालून उतरून घ्यावे, एवढ्यापुरतीच इमारत वापरायची असेल, तर तिची गरज खरोखरच उरणार नाही. ते काम यंत्रही करील. म्हणून यंत्राला जे साधत नाही, त्यासाठी शाळेचा वेळ राखून ठेवावा. माहिती घरी ऐकावी. शाळेत प्रयोग करावे, चुकावे, पुन्हा करावे. वाद घालावा आणि दुसऱ्याचे पटले तर मान्य करावे. मैदानावर हरावे आणि जिंकणाऱ्याचा हात हाती घ्यावा. ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही वा मोबाईल नाही, त्यांच्यासाठी संध्याकाळीही शाळेचे एखादे दालन उघडे असावे.

एका विचारापासून मात्र सावध राहिले पाहिजे. पटावर मुले थोडी, म्हणून लहान वस्तीची शाळा बंद करावी आणि मुलांच्या हाती केवळ एक पडदा द्यावा, असे कोणी सुचविले, तर त्यात पैशाची बचत दिसेल. परंतु त्या वस्तीतील मुलांना दुपारचे गरम जेवण, खेळगडी आणि पाठीवर फिरणारा गुरुजींचा हात तो पडदा देईल काय?

४ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातील अनेक शाळांचे दरवाजे पुन्हा उघडले. तोंडावर मुखपट्ट्या होत्या, अंतर राखून बसावे लागत होते. तरीही मुले आली. बंद काळात ज्ञान वाटेने का होईना घरापर्यंत पोहोचले होते. सोबती मात्र शाळेतच भेटणार होते. चार भिंतींचे खरे मोल ते हेच. त्या भिंतींच्या आत कोणाचेही मूल येऊन दुसऱ्याच्या शेजारी बसू शकते.