हवेतल्या वेळेचा हिशेब

"सर, रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही." वायरलेसच्या कामात असलेल्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ झालं आहे. तक्रार करणारा खोटं बोलत नसतो. फोनवरच्या काड्या एपीचा आवाज फोनपर्यंत किती स्पष्ट पोचतो, एवढंच सांगतात. त्या फोनला बोलायची पाळी कधी मिळणार, हे काड्यांवरून कळत नाही. आणि ग्राहक अडतो तो नेमका तिथेच.

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेतून असाच फोन आला. मजला एक, टेबलं ८०, मधे प्लायवुडची पार्टिशनं. प्रत्येक टेबलावर एक फोन, आणि निम्म्या टेबलांवर लॅपटॉप किंवा टॅबही. छताला दोन चांगल्या कंपनीचे ड्युअल-बँड एपी, खाली पीओई स्विच, बाहेरून ३०० एमबीपीएसची फायबर लाइन. संध्याकाळी साडेआठला मी पोचलो तेव्हा राज्यसेवेची तयारी करणारी एक मुलगी लेक्चरचा व्हिडिओ उघडून बसली होती आणि स्क्रीनवर गोल चक्र फिरत होतं. स्विचला केबल लावून पाहिलं, तर लाइन २८० देत होती. मालकांनी तिसऱ्या एपीचं कोटेशन आधीच मागवून ठेवलं होतं.

कंट्रोलरचं पान उघडलं आणि रोग समोर आला. दोन्ही एपींचे २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ चॅनल ६ वर होते. त्यांच्यावर मिळून साठहून अधिक क्लायंट, चॅनल युटिलायझेशन नव्वदीच्या पुढे, आणि प्रत्यक्ष डेटा मात्र नगण्य. शेजारी ५ गिगाहर्ट्झचे दोन्ही रेडिओ जवळजवळ रिकामे बसलेले. एसएसआयडी सहा: विद्यार्थी, ऑफिस, पाहुणे, कॅमेरे, हजेरीचं मशीन, आणि कुणीतरी कधीतरी चाचणीसाठी काढून तसंच सोडून दिलेलं सहावं.

या सहा नावांचा खर्च मांडून पाहू. प्रत्येक एसएसआयडीसाठी एपी दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक बीकन पाठवतो. २.४ वर जुन्या ११बी उपकरणांची सोय चालू ठेवली असेल, तर हा बीकन १ एमबीपीएसने जातो. ३०० बाइटचा बीकन धरला तर २,४०० मायक्रोसेकंद त्याचे आणि १९२ प्रिअँबलचे, म्हणजे साधारण २.६ मिलिसेकंद. दोन एपी, सहा नावं, बारा बीकन: ३१ मिलिसेकंद. म्हणजे एकाही विद्यार्थ्याने काही उघडण्याआधी शंभरातला तीस टक्के वेळ नुसत्या 'मी इथे आहे' या हाकाऱ्यात संपला. वरच्या मजल्यावरच्या आणि समोरच्या इमारतीतल्या राउटरांचे बीकन यात धरलेले नाहीत.

आता मूळ मुद्दा. खोक्यावर '१२८ युजर' किंवा '२५६ युजर' छापलेलं असतं, आणि आपल्यातले बरेच जण त्याच आकड्यावर कोटेशन बनवतात. तो आकडा हजेरीपटाचा आहे. प्रमाणकाप्रमाणे एका एपीवर २००७ क्लायंटपर्यंत नोंदणी क्रमांक देता येतात. मेमरी आणि चिपसेट पाहून कंपनी तो आकडा खाली आणते. पटावर नाव असणं वेगळं आणि बोलायला वेळ मिळणं वेगळं. बोलण्याच्या वेळेला, म्हणजे एअरटाइमला, कोणतीही कंपनी एका सेकंदात एका सेकंदापेक्षा जास्त करू शकत नाही.

एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, हा नियम. एपीसुद्धा बहुतांशी त्याच रांगेत उभा असतो. ५ गिगाहर्ट्झवर साधा क्लायंट आधी ऐकतो. चॅनल मोकळा वाटला की ३४ मायक्रोसेकंद थांबतो, मग ० ते १५ मधला एक आकडा धरून ९-९ मायक्रोसेकंदांनी उलटी मोजणी करतो. मधे दुसरं कुणी बोललं तर मोजणी जागच्या जागी थांबते. शून्यावर आला की बोलतो आणि पोच येण्याची वाट पाहतो. दोघांचं शून्य एकदम आलं तर दोघांचीही पोच येत नाही, आणि पुढच्या वेळी आकडा ० ते ३१ मधून, मग ० ते ६३ मधून, असं वाढत १०२३ पर्यंत जातं. पाच-दहा जणांत ही पद्धत झकास चालते. साठ जण एकदम मोजू लागले की टकरी वाढतात, प्रत्येक टकरीमागे वेळ वाया जातो आणि मोजण्याचे आकडे फुगत जातात. त्यातून पार्टिशनच्या दोन टोकांना बसलेले दोन फोन एकमेकांना ऐकूच येत नसतील, तर दोघेही 'मोकळं आहे' समजून एपीवर एकाच वेळी बोलतात. एपीचा आवाज वाढवून हे सुटत नाही. फोनचा ट्रान्समिटर एपीच्या मानाने दुबळाच असतो. एपी मोठ्याने बोलला म्हणून फोनचं बोलणं एपीला जास्त ऐकू येत नाही. तरीही साईटवर गेलं की पॉवर 'हाय' करून ठेवायची आपली सवय जात नाही. ही सवय सोडायलाच हवी.

रांगेपेक्षाही महाग पडतो तो हळू बोलणारा. १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. ३०० एमबीपीएसने ते ४० मायक्रोसेकंदांत जातं, ६ एमबीपीएसने २ मिलिसेकंद घेतं आणि १ एमबीपीएसने १२ मिलिसेकंद. पॅकेट तेच, जागा अडवण्याचा काळ तीनशेपट. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या संशोधकांनी २००३ साली इन्फोकॉम परिषदेत हे नेमकं मांडलं होतं: ११बीच्या नेटवर्कमध्ये सगळे ११ एमबीपीएसवर असताना एक जण १ वर घसरला, तर बाकीच्यांनाही १ एमबीपीएसपेक्षा कमीच मिळतं, कारण रांग पॅकेटागणिक समान पाळी देते आणि वेळ मोजतच नाही. यावरचा नीट उतारा लिनक्समध्ये उतरायला बरीच वर्षं गेली. एअरटाइम समान वाटण्याचं ते काम २०१७ साली युझनिक्सच्या वार्षिक परिषदेत मांडलं गेलं. आज बऱ्याच एपींमध्ये 'एअरटाइम फेअरनेस'चं बटण असतं. ते चालू करावं, पण त्याची मर्यादाही ओळखावी. एपी आपल्याकडून जाणारा माल वेळ पाहून वाटतो. क्लायंट स्वतःहून जे पाठवतो त्यावर त्याचा फारसा ताबा नसतो.

ड्युअल-बँडचं खरं मोल इथे कळतं. दोन रेडिओ म्हणजे दोन वेगळ्या रांगा. त्यांतली एक अरुंद गल्ली आहे आणि दुसरी मोठा रस्ता. २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झवर भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ असे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना खुले झाले. २० मेगाहर्ट्झचे वीसहून अधिक चॅनल त्यात बसतात. ८० च्या रुंदीवर मात्र सहाच उरतात. म्हणून दाटीच्या जागी माझा कौल २० किंवा ४० ला. स्पीड टेस्टचा आकडा कमी दिसेल, पण रांगा जास्त सुटतील. आणखी एक गोष्ट विकताना सांगितली जात नाही: वाय-फाय ५, म्हणजे ११एसी, फक्त ५ गिगाहर्ट्झपुरतं आहे. त्या खोक्याचा २.४ चा रेडिओ आतून ११एनच असतो, ज्याचं प्रमाणक २००९ चं आहे.

मग क्लायंट मोठा रस्ता सोडून गल्लीत का शिरतात? कारण कोणत्या बँडवर जायचं हे शेवटी क्लायंट ठरवतो. तेवढ्याच अंतरावर ५ चा सिग्नल २.४ पेक्षा नुसत्या मोकळ्या हवेतच सहा-सात डीबीने कमी दिसतो, भिंत आली की आणखी कमी. फोनला जो आवाज मोठा वाटतो तिकडे तो जातो. बँड स्टीअरिंगमध्ये एपी २.४ वरच्या चौकशीला मुद्दाम उत्तर देत नाही किंवा उशिरा देतो. काही फोन त्याने वळतात, काही हट्टाने पुन्हा तिथेच विचारत राहतात आणि जोडणीला वेळ लागतो. ११व्ही मधली 'दुसरीकडे जा' ही विनंती जास्त सभ्य आहे, पण ती विनंतीच. क्लायंट ती नाकारू शकतो. त्यापेक्षा मला साधा उपाय जास्त भरवशाचा वाटतो: २.४ ची पॉवर ५ पेक्षा सहा डीबीने खाली ठेवा, आणि एपी जवळजवळ असतील तर एकाआड एक एपीचा २.४ रेडिओ सरळ बंद करा. पैसे देऊन घेतलेला रेडिओ बंद करताना ग्राहकाचा जीव खालीवर होतो, हे खरं. त्याला समजावून सांगणं हा आपल्या कामाचाच भाग आहे.

वाय-फाय ६ च्या ओएफडीएमएबद्दल दोन शब्द. २० मेगाहर्ट्झचा चॅनल नऊ छोट्या भागांत तोडून एकाच वेळी नऊ क्लायंटना वाटता येतो, आणि लहान पॅकेटांच्या गर्दीत हे फार उपयोगी आहे. पण दोन्ही टोकांना वाय-फाय ६ हवं. ज्या हॉलमध्ये निम्मे फोन जुने आहेत, तिथे ते फोन जुन्याच रांगेने येणार.

अभ्यासिकेत आम्ही काहीही विकत घेतलं नाही. सहाची दोन नावं केली. हजेरीचं मशीन आणि ऑफिसचा प्रिंटर केबलवर घेतले, कारण २.४ चा किमान वेग १२ एमबीपीएस केल्यावर ते जुनं मशीन तुटणारच होतं. बीकनचा ३१ मिलिसेकंदांचा खर्च एका मिलिसेकंदाच्या आत आला. एका एपीचा २.४ चॅनल १ वर नेला, दुसऱ्याचा बंद केला. ५ वर एक एपी ३६ ला, दुसरा १४९ ला, रुंदी ४०. दुसऱ्या दिवशी रात्री त्याच वेळी २.४ चं युटिलायझेशन चाळिशीच्या आसपास होतं आणि बहुतेक फोन ५ वर गेलेले होते. ती मुलगी त्याच टेबलावर होती; व्हिडिओ थांबत नव्हता.

मालकांनी प्रामाणिकपणे विचारलं, "मग बिल कसलं लावणार?" हा प्रश्न मला लागला, कारण तो आपण सगळ्यांनीच शिकवलेला आहे. खोकी विकून त्यातून मजुरी काढायची, आणि मोजणी, चॅनलचा आराखडा, गर्दीच्या वेळची तपासणी फुकटात द्यायची किंवा करायचीच नाही. मंगल कार्यालय असो, कोचिंग क्लास असो की सोसायटीचं क्लब हाउस, रिकाम्या हॉलमध्ये सकाळी अकराला स्पीड टेस्ट दाखवून हँडओव्हरवर सही घेणं ही ग्राहकाची फसवणूक आहे, मग ती नकळत का होईना. बिलात 'रेडिओ आराखडा व तपासणी' अशी वेगळी ओळ लावा आणि ती का लावली हे सांगा. त्या मालकांनी तेवढी रक्कम खळखळ न करता दिली.

वाचकांना या अंकातून एक मागणं आहे. तुमच्या हँडओव्हरच्या कागदावर या महिन्यापासून दोन आकडे वाढवा: भर गर्दीच्या वेळी प्रत्येक रेडिओचं चॅनल युटिलायझेशन, आणि त्या वेळी दोन्ही बँडवर असलेले क्लायंट. एखाद्या कामाचे आधीचे आणि नंतरचे असे आकडे आमच्याकडे पाठवलेत, तर जागेचं नाव गाळून ते पुढच्या अंकापासून छापू.