धुळीची साक्ष

दिवाळीनंतरच्या गारठ्यात सकाळच्या प्रार्थनेस उभे राहिले, म्हणजे शाळेच्या पटांगणातून रस्त्यापलीकडची घरे अंधुक दिसू लागतात. मुले म्हणतात, "धुके पडले." आम्ही समुद्राकाठी वाढलो; धुके आमच्या परिचयाचे आहे. ते ओले असते, त्याने वाटेवरचे गवत भिजते. नल्लकुंट्यावर पसरणारे हे आवरण कोरडे असते, घशात खवखवते, आणि पहिल्या तासास मागच्या बाकांवरून खोकल्याचा सूर निघू लागतो. हा धूर कोणाचा, असे आम्ही एकदा वर्गात विचारले. कोणी पाटणचेरूच्या कारखान्यांकडे बोट दाखविले, कोणी बसगाड्यांकडे, कोणी शेतातील काड जाळणाऱ्या खेडुतांकडे. उत्तरे निरनिराळी होती, परंतु एका बाबतीत सर्वांचे एकमत होते : अपराधी दुसरा कोणीतरी आहे.

मुलांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. फाटकाजवळ पालापाचोळा पेटविणाऱ्या एका वृद्ध झाडूवाल्या बाईंना आम्हीच चारचौघांत बोल लावला होता. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी काठीने तो ढीग उलटून दाखविला. आत पानांपेक्षा बिस्किटांची वेष्टने आणि प्लॅस्टिकच्या पिशव्याच अधिक होत्या, आणि त्या कोणाच्या दप्तरांतून आल्या हे सांगावयास नकोच!

संशयावरून दोषी ठरविण्याची ही खोड जुनी आहे. आपल्या वस्तीतील फीवर हॉस्पिटलला ज्यांचे नाव दिले आहे, त्या सर रोनाल्ड रॉस यांच्या काळापर्यंत हिवताप दूषित हवेमुळे होतो, असाच समज रूढ होता. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थही 'वाईट हवा' असाच आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस रॉस यांना डासाच्या जठरात त्या रोगाचे जंतू आढळले आणि बिचारी हवा आरोपातून सुटली. त्या दिवसापासून मनुष्याने कोठे लढावयाचे ते निश्चित झाले. आज हवा खरोखरीच वाईट झाली आहे. पण तिला वाईट कोण करतो, हे शोधण्याची रीत तीच. तर्क सोडून पुराव्याकडे जावयाचे.

हा पुरावा धुळीतच असतो. ठरावीक वेळ हवा ओढून घेऊन गाळणकागदावर कण जमा करतात व त्यांचे रासायनिक पृथक्करण करतात. मातीच्या कणांत सिलिकॉन व ॲल्युमिनियम विपुल. लाकूड व पाला जळाला की पोटॅशियम अधिक. डिझेलच्या धुरात काजळी. प्लॅस्टिक जाळले तर क्लोरीन. प्रत्येक उगमाची अशी ओळखखूण आधी नोंदलेली असते. मग या खुणा कोणत्या प्रमाणात मिसळल्या असता कागदावरचे मिश्रण तयार होईल, हे गणिताने काढतात. एकसामयिक समीकरणांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे.

असा शोध आपल्या शहरात झालेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००५ साली हे काम हाती घेण्यात आले. शहरात पंजागुट्टा आणि आपल्यापासून जवळच असलेले चिक्कडपल्ली, तर शहराबाहेर विद्यापीठाचा परिसर, अशा तीन ठिकाणी तीन ऋतूंत १८० नमुने गोळा केले गेले. जाड्या कणांत साठ टक्क्यांहून अधिक वाटा वाहनांचा धूर व रस्त्यावरची धूळ यांचा निघाला. केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाएवढे जे बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात, त्यांत मात्र वाहने, कारखान्यांतील कोळसा, जळता कचरा आणि हवेतच वायूंपासून तयार होणारे कण, असे चौघेही भागीदार आढळले.

यातील शेवटचा भागीदार विशेष विचार करण्याजोगा आहे. कोळशाच्या धुरातील गंधकाचा वायू वाऱ्याबरोबर शेकडो मैल जातो आणि वाटेत त्याचे सूक्ष्म कण बनतात. तेव्हा नल्लकुंट्याची हवा एकट्या नल्लकुंट्याची नव्हे. दूरच्या वीजकेंद्राचे धुराडे तीत आहे, आणि ते धुराडे ज्याच्याकरिता पेटते तो आपल्या घरातील दिवाही आहे.

कोणी म्हणतील, सर्वच दोषी असतील तर कोणीच दोषी नाही! हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. वाटा सर्वांचा असला तरी तो सारखा नसतो. तो मोजता येतो म्हणूनच तर हा खटाटोप. कोळसा जाळणाऱ्या कारखान्याचा हिशेब पानांच्या ढिगाशी बरोबरीने मांडणे हा अन्याय होईल. पण रस्त्यावरची धूळ आणि जळता कचरा यांना आवर घालणे त्यातल्या त्यात सोपे आहे, असे त्या अभ्यासकांनीही म्हटले आहे, आणि या दोन गोष्टींसाठी नव्या यंत्रांची वाट पाहावी लागत नाही. अशा तपासण्या वरचेवर व्हाव्यात आणि त्यांचे निष्कर्ष तेलुगू, उर्दू व मराठीतून प्रत्येक शाळेच्या फलकावर लागावेत, असे आमचे मत आहे. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर इंजिने चालू ठेवून पाल्यांची वाट पाहणाऱ्या पालकांच्या दृष्टीस तो फलक सहज पडेल.

त्या झाडूवाल्या बाईंची आम्ही नंतर क्षमा मागितली. त्या हसल्या व तेलुगूत म्हणाल्या की, कचऱ्याची गाडी वेळेवर आली तर काडी ओढण्याची हौस त्यांना नाही. धूर आधी त्यांच्याच नाकात जातो.