बकलीचं काय चुकलं?

मेलबर्नला पीएचडीसाठी आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात लॅबमध्ये एकाने विचारलं, "तू कुठल्या टीमचा?" मी भाबडेपणाने म्हणालो, "भारत!" सगळे हसले. प्रश्न 'फुटी'चा होता.

फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. क्रिकेटचंच मैदान, प्रत्येकी १८ खेळाडू आणि लंबगोल चेंडू. मधल्या दोन खांबांतून मारला तर ६ गुण, थोडक्यात हुकला तरी १. हुकल्याचाही गुण देणारा खेळ मला लगेच आवडला.

या खेळातला नेथन बकली कॉलिंगवुडचा कर्णधार. १९९३ मध्ये तो ब्रिस्बेनकडून खेळला आणि वर्षभरातच कॉलिंगवुडला आला. २००२ आणि २००३ च्या अंतिम सामन्यांत त्याच ब्रिस्बेनने कॉलिंगवुडला हरवलं. २००२ मध्ये हरलेल्या संघात असूनही सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. २००३ चं ब्राउनलो पदकही त्याला (दोघांबरोबर विभागून) मिळालं. विजेतेपद मात्र कधीच नाही.

पुढे २००९ मध्ये क्लबने ठरवलं, दोन वर्षांनी बकली प्रशिक्षक. मधल्या काळात मिक माल्टहाउसने २०१० चं विजेतेपद मिळवून दिलं, तरी ठरल्याप्रमाणे २०१२ पासून संघ बकलीच्या हाती आला. २०१४ ते २०१७ अशी सलग चार वर्षं संघ बाद फेरीतही पोचला नाही.

लोक म्हणतात बकली नापास. मला हे पटत नाही. उत्तम खेळाडूला बक्षीस म्हणून ही खुर्ची देणाऱ्यांचं काय? आपल्याकडे कपिलदेव प्रशिक्षक झाला तेव्हाचं आठवत असेलच. खेळणं आणि खेळवून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत.

हे मी स्वतःवरून सांगतोय. पीएचडीनंतर मला चार जणांची टीम मिळाली. त्यांचा कोड मला पसंत पडेना, म्हणून रात्री बसून मी तो स्वतःच पुन्हा लिहायचो. एक दिवस त्यातली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मग आम्ही कशाला आहोत?" मला उत्तर देता आलं नाही.

२०१७ च्या अखेरीस क्लबने सगळ्या कारभाराची झाडाझडती घेतली, पण बकलीला ठेवलं. त्याने स्वतःला बदललं. खेळाडूंना मोजणं कमी केलं, त्यांचं ऐकणं वाढवलं. २०१८ मध्ये तोच संघ अंतिम सामन्यात पोचला आणि ५ गुणांनी हरला. २०२१ च्या हंगामाच्या मध्यातच त्याने पद सोडलं.

२०२३ मध्ये कॉलिंगवुड जिंकलं. समोर ब्रिस्बेन होतं, आणि प्रशिक्षक क्रेग मॅक्रे, २००२-०३ च्या त्याच ब्रिस्बेन संघातला! पण जिंकणाऱ्यांतले कितीतरी खेळाडू बकलीच्या हाताखाली तयार झालेले होते.

फुटीत हुकलेल्या चेंडूलाही एक गुण मिळतो. बकलीला तेवढा तरी द्यायला काय हरकत आहे? असो. मी आता रात्री कोड लिहीत नाही.