विश्लेषण : बेपत्ता विद्यार्थ्याची परीक्षा घेणारे लोराँ श्वार्ट्झ कोण होते?

२ डिसेंबर १९५७. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात गणिताच्या डॉक्टरेटची जाहीर तोंडी परीक्षा होती. परीक्षक आले होते, सभागृह माणसांनी भरले होते. नव्हता तो फक्त विद्यार्थी. अल्जीयर्स विद्यापीठात साहाय्यक अध्यापक असलेल्या २५ वर्षांच्या मोरिस ओदँ यांना फ्रेंच छत्रीधारी सैनिकांनी ११ जून रोजी घरातून नेले होते. पत्नी आणि तीन लहान मुले मागे राहिली. लष्कर सांगत होते, की ओदँ २१ जूनला ताब्यातून पळाले. त्यानंतर कुणालाही ते दिसले नव्हते.

ओदँ यांच्या जागी त्यांचे मार्गदर्शक रने द पोसेल यांनी प्रबंध मांडला. परीक्षकांनी नियमाप्रमाणे तो तपासला आणि पदवी दिली. या परीक्षेसाठी पुढाकार घेणाऱ्यांत आणि परीक्षक मंडळातही लोराँ श्वार्ट्झ होते. ‘गणितज्ञाने गणितच करावे’ हा सल्ला त्यांना आयुष्यभर ऐकावा लागला. पण त्या दिवशी ते दुसरे काय करत होते? 

श्वार्ट्झ यांचे गणित नेमके काय?

दिव्याचे बटण दाबले, की विजेचा प्रवाह शून्यावरून एकदम एकावर जातो. त्या क्षणी बदलाचा दर किती? शाळेतले कलनशास्त्र म्हणते, असा दर काढताच येत नाही. अभियंते आणि भौतिकशास्त्रज्ञ मात्र तो काढून मोकळे होत. डिरॅक यांचे ‘डेल्टा फल’ हे त्याचे गाजलेले उदाहरण. एका बिंदूवर अनंत, बाकी सर्वत्र शून्य, आणि तरी एकूण क्षेत्रफळ एक! उत्तरे बरोबर येत, पण गणिताच्या नियमांत असे फल बसतच नव्हते.

१९४४ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये श्वार्ट्झ यांना वाट सापडली. एखाद्या बिंदूवर फलाची किंमत किती, हा प्रश्नच त्यांनी सोडून दिला. त्याऐवजी, गुळगुळीत अशा ‘चाचणी फलां’वर त्याचा परिणाम काय होतो, एवढेच पाहायचे. घंटेवर हातोडा पडला तो क्षण पकडता येत नाही, पण घंटा कशी वाजली ते ऐकता येते, तसेच काहीसे. या वस्तूंना त्यांनी ‘डिस्ट्रिब्युशन’ म्हटले. सोव्हिएत गणितज्ञ सोबोलेव्ह १९३०च्या दशकातच या कल्पनेच्या जवळ पोहोचले होते, हेही सांगायला हवे. पण तिची संपूर्ण, वापरता येईल अशी बांधणी श्वार्ट्झ यांनी केली. आज आंशिक विकलक समीकरणांचा अभ्यास तिच्याशिवाय पुढे सरकत नाही.

या कामासाठी १९५० मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले फ्रेंच गणितज्ञ.

अमेरिकेला त्यांची अडचण का वाटली?

पदक घ्यायला हार्वर्डला जायचे होते आणि श्वार्ट्झ यांचा भूतकाळ ट्रॉट्स्कीवादी होता. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत व्हिसा अडला. ‘ते नाहीत तर आम्हीही नाही’ असा पवित्रा फ्रेंच गणितज्ञांनी घेतला, तेव्हा कुठे व्हिसा मिळाला. गंमत अशी, की श्वार्ट्झ यांनी १९४७ मध्येच ती चळवळ सोडली होती. तरुणपणी स्वीकारलेला एक पंथ आपण होऊन टाकून देणारा हा माणूस होता; त्यांच्या पुढच्या भूमिकांकडे पाहताना हे विसरू नये.

जन्म १९१५ चा, पॅरिसमधल्या ज्यू कुटुंबातला. वडील शल्यचिकित्सक. पत्नी मारी-एलेन स्वतः गणितज्ञ आणि संभाव्यताशास्त्रातले दिग्गज पॉल लेव्ही यांची कन्या. नाझी अंमलात या दाम्पत्याला खोट्या नावाने लपून राहावे लागले. श्वार्ट्झ यांची डॉक्टरेट त्याच काळातली, १९४३ ची. सरकारी कागदावर माणूस एका फटक्यात नाहीसा होऊ शकतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

ओदँ प्रकरणात त्यांनी काय केले?

ओदँ समितीचे ते एक आधारस्तंभ होते. समितीतील तरुण इतिहासकार पिएर व्हिदाल-नाके यांनी लष्कराच्या ‘पलायना’च्या कथेतील वेळा, जागा आणि साक्षी एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि हे पलायन म्हणजे बनाव असल्याचे १९५८ मध्ये मांडले. घोषणाबाजीपेक्षा हे काम सिद्धता तपासण्याच्या जवळचे होते. गृहीतकात विसंगती दाखवली की दावा कोसळतो. गणितज्ञांना ही लढाई आपली वाटली ती बहुधा म्हणूनच.

सप्टेंबर १९६० मध्ये श्वार्ट्झ यांनी ‘१२१ जणांच्या जाहीरनाम्या’वर सही केली. अल्जीरियातील युद्धात शस्त्र उचलण्यास नकार देण्याचा हक्क त्यात मांडला होता. ते शिकवत त्यांपैकी एकोल पॉलितेक्निक ही संस्था संरक्षण खात्याच्या अखत्यारीत. मंत्री पिएर मेस्मेर यांनी त्यांना तिथून काढले आणि वर प्रतिष्ठेचा दाखला दिला. ज्या खात्यात छळ करणाऱ्यांना बढत्या मिळतात, त्याने प्रतिष्ठा शिकवू नये, अशा आशयाचे उत्तर श्वार्ट्झ यांनी दिले. सरकारी पगार घेऊन सरकारविरोधी सही करावी का, हा आक्षेप तेव्हाही होता. पण पगार शिकवण्याचा होता, मौनाचा नव्हता. काही वर्षांनी संस्थेने त्यांना परत घेतले आणि १९८० पर्यंत ते तिथे शिकवत होते.

किंमत घरानेही मोजली. १९६२ मध्ये ‘फ्रेंच अल्जीरिया’च्या कट्टर समर्थकांनी त्यांच्या मुलाचे अपहरण केले. तो सुटून आला.

मग ते डाव्यांचे लाडके होते का?

नेहमीच नाही. व्हिएतनाम युद्धात त्यांनी अमेरिकेविरुद्ध आवाज उठवला, आणि त्याच माणसाने सोव्हिएत मनोरुग्णालयात डांबलेल्या गणितज्ञ लिओनिद प्ल्युश्च यांच्यासाठी मोहीम चालवली. प्ल्युश्च १९७६ मध्ये सुटले. विद्यापीठात गुणवत्तेवर निवड करून प्रवेश द्यावा, ही त्यांची भूमिका तर १९८०च्या दशकात अनेक सहकाऱ्यांना झोंबली. त्यांच्या डाव्या चाहत्यांना हे पान उलटायला आवडत नाही. पण प्रबंध निकषांवर तपासणारा परीक्षक प्रवेशाच्या वेळी निकष सोडील, ही अपेक्षाच चुकीची होती.

विद्यार्थी घडवण्यातही हाच काटेकोरपणा होता. नान्सीला असताना त्यांनी आणि द्येदोने यांनी ग्रोथेन्डिक नावाच्या तरुणाला न सुटलेल्या १४ प्रश्नांची यादी दिली. त्याने ती निकालात काढली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही श्वार्ट्झ शिकवून गेले. त्यांच्या व्याख्यानांची टिपणे एम. एस. नरसिंहन यांनी काढली. पुढे १९५७ मध्ये त्यांच्याच निमंत्रणावरून नरसिंहन पॅरिसला गेले. म्हणजे ओदँ यांना उचलले त्याच वर्षी.

सत्य कधी मान्य झाले?

फुलपाखरांचा हजारोंचा संग्रह मागे ठेवून श्वार्ट्झ ४ जुलै २००२ रोजी गेले. तोवर कोणत्याही फ्रेंच सरकारने ओदँ यांच्या मृत्यूची जबाबदारी घेतली नव्हती. १३ सप्टेंबर २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ ओदँ यांच्या पत्नी जोझेत यांच्या घरी गेले आणि लष्कराच्या ताब्यातील छळातून हा मृत्यू झाल्याचे, त्याला शासनाने उभारलेली व्यवस्था जबाबदार असल्याचे लेखी मान्य केले. जोझेत तेव्हा ८७ वर्षांच्या होत्या. पाच महिन्यांनी त्याही गेल्या. ओदँ यांचा मृतदेह सापडलेला नाही.