तारांखालची ‘फुकट’ वीज

गेल्या आठवड्यात एक तरुण शेतकरी सुजलेले मनगट धरून दवाखान्यात आला. त्याच्या शेतावरून उच्च दाबाची टॉवर लाईन गेली आहे. तिच्याखाली बांबूंच्या आधाराने त्याने लांब तार ताणली होती. तिला हात लागताच झटका बसला आणि गडी बांधावरून खाली आला. “चोरी नाही हो डॉक्टरसाहेब,” तो म्हणाला, “वरच्या तारेला हातही लावला नाही. हवेत वाया जाते तीच घेत होतो.”

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. अशा तारांभोवती विद्युतक्षेत्र असते. त्यात धरलेली ट्यूबलाईट जोडणीशिवाय मंद उजळते. २००४ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड बॉक्स या कलावंताने अशा तारांखाली १३०१ ट्यूब जमिनीत रोवून उजळून दाखवल्या होत्या.

पण मंद उजेड म्हणजे कामाची वीज नव्हे. आखूड तारेत मिळते ती नगण्य. वाढवायची तर तार लांब हवी, आणि तार लांब केली की झटकाही मोठा. तार उंच नेताना लाईनच्या फार जवळ गेली, तर स्पर्श न होताही वीज हवेतून झेप घेते. असा रुग्ण वरून बरा दिसतो. कातडीवर छोटासा डाग. आत मात्र स्नायू भाजलेले असतात. हृदयाचे ठोके बिघडतात. लघवी काळपट झाली, तर मूत्रपिंड धोक्यात आहे असे समजावे. म्हणून साधा झटका बसला तरी तपासून घ्या.

वाचकहो, उच्च दाबाच्या तारेला चिकटलेल्या माणसाला काठीनेही सोडवायला जाऊ नका. दूर राहा, वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद करवा आणि १०८ ला फोन करा. लाईनखाली तारेचे कुंपण असेल, तर जाणकाराकडून त्याला अर्थिंग करून घ्या.

मी त्या मुलाला रागावलो नाही. रात्रीच्या पाळीला वीज येते, अंधारात पाणी धरायचे आणि पायाखाली साप. उजेडाची त्याची गरज खरीच आहे. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी मला आरोग्याचीच वाटते. तोवर सौर कंदील घ्या. त्याची किंमत मोजता येते. फुकटच्या विजेची मोजता येत नाही.