'डायरेक्ट' करून टाकू?

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. मराठी लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाची वाट लागते आणि दर ओळीत एखादा इंग्लिश शब्द घुसतो. संपादक मंडळ म्हणालं, 'जसं बोलतेस तसं लिही', म्हणून हे धाडस. चुकलं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा. कारण विषय तुमच्या-आमच्या रोजच्या अंघोळीचा आहे!

तर झालं असं. आमचं घर नाशिकचं. थंडीत सकाळी गीझरशिवाय पान हलत नाही. आमचा गीझर पंधरा लिटरचा, बारा वर्षं जुना. गेल्या वर्षी एका सकाळी पाणी तापेना. इलेक्ट्रिशियन आला, उघडून बघितलं आणि म्हणाला, "थर्मोस्टॅट गेलाय साहेब. पार्ट आणायला दोन दिवस लागतील. तोवर डायरेक्ट करून देऊ का?" पप्पांना ऑफिसला उशीर होत होता. ते म्हणाले, "कर बाबा काहीतरी, पण आत्ता चालू कर." दोन मिनिटांत गीझर सुरू. जाताना तो सांगून गेला, "वीस मिनिटांनी आठवणीने बंद करा." पप्पांनी आईला सांगितलं, वीस मिनिटांनी बंद करत जा. का, ते काही सांगितलं नाही. दोन दिवसांचे किती महिने झाले ते कुणी मोजलंच नाही.

'डायरेक्ट' म्हणजे काय, ते नॉन-इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी सांगते. थर्मोस्टॅट हे गीझरचं डोकं. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की तो हीटरची वीज तोडतो, गार झालं की परत जोडतो. डायरेक्ट करायचं म्हणजे त्याच्या दोन टर्मिनल्समध्ये वायरचा तुकडा टाकायचा. डोकं जागच्या जागी राहतं, फक्त त्याचं कुणी ऐकत नाही!

यंदा जानेवारीत एके सकाळी आईने गीझर लावला आणि मामाचा फोन आला. गप्पा रंगल्या. पाऊण तासाने आजी अंघोळीला गेली. नळ सोडला तर पाण्याऐवजी आधी वाफेचा फवारा आला आणि मागोमाग उकळतं पाणी. आजीचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. तीन आठवडे ड्रेसिंग चाललं. आई रडत एकच सांगत होती, "अगं, पण नॉब तर मी रोज बघायचे. साठावरच होता!" बिचारीला माहीतच नव्हतं की तो नॉब आता कशालाच जोडलेला नाही.

आता माझा भाग. मी टी. ई. इन्स्ट्रुमेंटेशन. ऑन-ऑफ कंट्रोलचं उदाहरण म्हणून थर्मोस्टॅट मी दोन पेपरांत लिहिलाय, मार्कही चांगले पडलेत. दिवाळीच्या सुट्टीत मी दहा दिवस घरी होते. गीझरचा लाल दिवा एकदाही आपोआप विझला नाही. रोज डोळ्यांसमोर होता. मला प्रश्नच पडला नाही! आजीचा हात बघितल्यावर मला पहिल्यांदा स्वतःच्या मार्कशीटची लाज वाटली.

हिशोब साधा आहे, बारावीचा. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण २५०० किलोज्यूल लागतात. हीटर दोन किलोवॅटचा. म्हणजे जेमतेम एकवीस मिनिटं. आणखी एकवीस मिनिटं गेली की पाणी शंभरावर. बंद टाकीत दाब वाढला की ते शंभराच्याही पुढे तापतं. मग उरते ती फक्त सेफ्टी व्हॉल्व्हची कृपा. बोअरच्या जड पाण्याने तो क्षार धरून चिकटला असेल तर काय होईल, ते लिहीत नाही.

त्या शनिवारी मी घरी गेले. पप्पा म्हणाले, "नवीन गीझरच घेऊ, वाय-फायवाला. फोनवर बंद करता येतो." मी म्हटलं, आधी उघडून तर बघू. मेन स्विच बंद केला, प्लग काढला, टेस्टर लावून खात्री केली आणि कव्हर उघडलं. पुस्तकातल्यासारखी वाकणारी बायमेटलची पट्टी शोधत होते. ती नव्हतीच! एक लांब, सरळ पितळेची नळी निघाली. नळीच्या आत इन्व्हारची कांडी असते. तापल्यावर पितळ वाढतं, इन्व्हार जवळजवळ वाढत नाही, आणि त्या फरकाने आतला स्विच सुटतो. तो फरक किती? अठ्ठावीस सेंटीमीटरच्या नळीत चाळीस अंशांना सुमारे ०.२ मिलिमीटर! ज्या इन्व्हारवर हे चालतं त्यासाठी गियोम या शास्त्रज्ञाला १९२० चं फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं. आणि आमच्याकडे त्या सगळ्यावर तीन इंचांच्या लाल वायरने पाणी फिरवलं होतं. त्यात थर्मल कटआउटही त्याच वायरने ओलांडलेला. म्हणजे डोकंही गेलं आणि हेल्मेटही!

जुना पार्ट पिशवीत घालून मी दुकानात गेले. दुकानदार काका म्हणाले, "ताई, बरं केलंत जुना आणलात ते. लोक नुसतं 'गीझरचा थर्मोस्टॅट द्या' म्हणतात." त्यांनी नळीची लांबी आणि अँपिअरचं रेटिंग बघून जोडीला जोड दिला. शिवाय एक कटआउट. बिल साडेचारशेच्या आत! घरी आल्यावर बसवायला अर्धा तास लागला, त्यातला निम्मा वेळ भीतीत गेला. नळी कोरड्या खोबणीत बसते, टाकी रिकामी करावी लागत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. शेवटी कॉलनीतल्या जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलावून जोडणी आणि अर्थिंग तपासून घेतलं. मग गीझर लावला आणि आम्ही चौघं बाथरूमच्या दारात उभे. बाविसाव्या मिनिटाला 'टक्' असा आवाज आला आणि लाल दिवा विझला. आजी म्हणाली, "आता कळतंय हो त्याला."

आता मुद्द्यावर येते. दोष कुणाचा? त्या इलेक्ट्रिशियनवर खापर फोडणं सोपं आहे. पण त्याने विचारलं होतं आणि आपण 'हो' म्हणालो होतो. 'आत्ताच्या आत्ता चालू कर' हे गिऱ्हाईकच म्हणतं. दोन दिवस गार पाण्याने अंघोळ करायची आपली तयारी नसते, म्हणून तो वायरचा तुकडा जन्माला येतो.

पप्पांच्या वाय-फायबद्दलही बोलते. नवीन तंत्राला माझा विरोध नाही, उद्या मलाच त्यात नोकरी करायची आहे! पण अमेरिकेत २०११ साली आलेल्या पहिल्या नेस्ट थर्मोस्टॅटचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने बंद केला. भिंतीवर तो अजून चालतो, फोनवरून चालत नाही. आमच्या पितळेच्या नळीला अपडेट लागत नाही. शिवाय आई विसरते म्हणून फोनवर बंद करायची सोय करणं म्हणजे पुन्हा आठवण ठेवायचं काम माणसावरच. १८८३ साली खोलीच्या इलेक्ट्रिक थर्मोस्टॅटचं पेटंट घेणारे वॉरेन जॉन्सन हे आपल्या सरांसारखे शिकवणारेच होते. माणसाने सारखं लक्ष ठेवायला लागू नये, एवढाच तर थर्मोस्टॅटचा हेतू! तेव्हा माझं मत साधं आहे. एक पार्ट गेला म्हणून अख्खी वस्तू भंगारात काढू नका, आणि पार्ट न बदलता डायरेक्टही करू नका. जो गेलाय तोच, तसाच, चांगल्या दर्जाचा बदला.

आणि 'डायरेक्ट' फक्त गीझरमध्ये असतो का हो? फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालणं हा डायरेक्टच. प्रॅक्टिकलची रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून उतरवणं हाही डायरेक्टच. ग्राफ येतो, सही मिळते, दिवा लागलेला दिसतो. फक्त आतलं डोकं बाजूला काढलेलं असतं. मीही केलंय, म्हणून हक्काने बोलतेय.

शेवटी रेक्टर सरांना आणि स्टाफला एक विनंती. आपल्या हॉस्टेलच्या गीझरांचे लाल दिवे विझतात का, हे कुणी बघितलंय? मी गेल्या आठवड्यात आमच्या विंगचे चार बघितले. तीन विझले. चौथा पन्नास मिनिटं झाली तरी विझला नाही, शेवटी मीच बंद केला. वर कागद चिकटवलाय, 'वापरू नका', आणि ऑफिसमध्ये अर्जही दिलाय. पण कागद वाफेने गळून पडतो. येत्या एखाद्या शनिवारी मेंटेनन्सचे काका आणि आम्ही टी. ई. ची मुलं-मुली मिळून सगळे गीझर तपासू. खर्च गीझरमागे पाचशेच्या आत येईल, आणि जर्नलमध्ये पहिल्यांदा आमची स्वतःची रीडिंग्ज असतील!

तोवर मित्र-मैत्रिणींनो, सकाळी बादली लावाल तेव्हा एवढंच करा : नळ सोडण्याआधी त्या लाल दिव्याकडे एकदा बघा.