ही डोकेदुखी सकाळपर्यंत अंगावर काढू नका

क्षणात डोक्यात स्फोट व्हावा तसं दुखायला लागलं, ‘असं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं’ असं माणूस म्हणाला, तर त्याला पित्ताची गोळी देऊन झोपवू नका. अ‍ॅस्पिरिन तर मुळीच देऊ नका. 108 ला फोन करा आणि जिथे रात्रीही सीटी स्कॅन होतो, मेंदूचे सर्जन आहेत, अशाच रुग्णालयात न्या.

अशा दुखण्यामागे लहान मेंदूच्या धमनीवरचा फुटलेला फुगा असू शकतो. लहान मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या तीन जोड्या असतात. त्यांच्या भिंतीला आलेला फुगा, म्हणजे एन्युरिझम, तसा दुर्मिळ. म्हणूनच तो पटकन कुणाच्या मनात येत नाही. फुटला की डोकं दुखण्याबरोबर उलट्या होतात, गरगरतं, तोल जातो, मान आखडते. घरचे म्हणतात, पोट बिघडलं असेल, मणक्याचा त्रास असेल. यात रात्र जाते, आणि पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो याच पहिल्या 24 तासांत. दुसरा रक्तस्राव अनेकदा जीवच घेतो.

पहिल्या 6 तासांतला सीटी स्कॅन हा रक्तस्राव सहसा चुकवत नाही. उशीर झाला तर स्कॅन नॉर्मलही दिसू शकतो. तेव्हा डॉक्टरांनी पाठीतलं पाणी तपासायला सांगितलं, तर कृपा करून घाबरून नकार देऊ नका.

फुगा कवटी उघडून क्लिपने बंद करतात किंवा जांघेतल्या अथवा मनगटातल्या धमनीतून नळी नेऊन कॉइलने भरतात. काय योग्य, हे फुग्याच्या जागेवर आणि आकारावर ठरतं. या तीन जोड्यांपैकी सर्वांत खालच्या धमनीशेजारी गिळण्याच्या आणि आवाजाच्या नसा असतात. ऑपरेशननंतर काही दिवस नळीने जेवण द्यावं लागलं, आवाज घोगरा झाला, तरी धीर सोडू नका, पुष्कळांचा हा त्रास हळूहळू ओसरतो. निमोडिपिनच्या गोळ्या साधारण 21 दिवस देतात, त्या स्वतःहून बंद करू नका.

शुद्धीत पोहोचलेल्या रुग्णाच्या बरं होण्याच्या शक्यता जास्त, हे खरं. पण माणूस बेशुद्ध आहे म्हणून ‘आता काय उरलं’ म्हणत त्याला घरी नेऊ नका! हे फुगे फुटले की रक्त अनेकदा मेंदूतल्या पाण्याची वाट अडवतं. नळी घालून ते पाणी काढलं की काही रुग्ण डोळे उघडतात.

पैशांच्या काळजीने गाडी मागे वळवू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात योजनेच्या कामात मदत करणारा आरोग्यमित्र असतो. रुग्णाला आत घेताच या आरोग्यमित्राला गाठा.